तीन वर्षांच्या बोलीवर

साताऱ्याच्या शाळेत ३२ वर्षं मी भूगोल शिकवला. समशीतोष्ण कटिबंधातली गवताळ मैदानं हा धडा चुकायचा नाही. आशियात स्टेप्स, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स आणि उत्तर अमेरिकेत प्रेअरी! मुलं पाढ्यासारखं म्हणायची. ‘प्रेअरी प्रदेशाला गव्हाचे कोठार का म्हणतात?’ हा प्रश्न तर मी इतक्या वेळा घातला की उत्तर तपासताना हात आपोआप बरोबरची खूण करायचा. या कोठारात माणसं राहतात, त्यांना ताप येतो, त्यांच्या म्हाताऱ्या आया रात्री-अपरात्री न्हाणीघरात घसरून पडतात, हे मात्र कधी एखाद्या मुलानं विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

२०२२ च्या दिवाळीत शिकागोहून लेकीचा फोन आला. फराळाचं, नातीच्या सर्दीचं बोलून झाल्यावर म्हणाली, ‘आई, तू प्रेअरी शिकवायचीस ना? आम्ही तिकडे राहायला जायचा विचार करतोय. नॉर्थ डकोटात. दोन हजार वस्तीचं गाव आहे.’

‘दोन हजार? अगं, आपल्या शाळेत त्याहून जास्त मुलं होती!’

‘म्हणून तर सांगायला भीत होते,’ ती म्हणाली.

यामागची भानगड आधी सांगायला हवी. लेक इथे एमबीबीएस झाली, तिकडच्या परीक्षा दिल्या आणि शिकागोत रेसिडेन्सीला लागली. अशा बहुतेक डॉक्टरांना मिळतो तो जे-वन व्हिसा. त्याला एक शेपूट असतं : शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहा, मगच पुढच्या व्हिसाचं बोला. खरं सांगू? अमेरिकेचा हा एकच कायदा मला मनापासून आवडायचा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे मी पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं होतं, जून २०२४ ते जून २०२६. तेवढ्यात नात इथल्या बालवाडीत जाईल, मराठी बोलायला लागेल, आजोबांबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढेल... माझे मनोरे बरेच उंच झाले होते.

पण या कायद्याला एक दार आहे, आणि ते करवून घेतलं नॉर्थ डकोटाच्याच केंट कॉनराड या सिनेटरनं, १९९४ मध्ये. त्याच्या राज्यातल्या लहान गावांत डॉक्टर टिकत नव्हते. अमेरिकन मुलं डॉक्टर झाली की मोठ्या शहरांत जायची. तेव्हा ठरलं असं, की परदेशी डॉक्टरनं डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षं पूर्ण वेळ काम करायचं, त्या बदल्यात दोन वर्षांची घरवापसी माफ. सुरुवातीला प्रत्येक राज्याला वर्षाला अशा २० जागा होत्या, २००२ पासून ३० झाल्या. आज अमेरिकेच्या आडगावांत आपल्याकडची जी डॉक्टर मंडळी दिसतात, त्यांतली बरीचशी या दारातून आत गेलेली आहेत.

ही हकिगत ऐकून आमच्या घरात दोन तट पडले. आमच्या ह्यांचं मूळ गाव माण तालुक्यातलं. दुष्काळी मुलूख. माण, खटाव, आटपाडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात भारतभर पांगलेली. गावात उरतात ती म्हातारी. तिथल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही हे बघायला आधी फोन करावा लागतो. हे एरवी लेकीला कधी काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, ‘खेड्यातच जायचं होतं, तर आपल्या खेड्यानं काय घोडं मारलं होतं?’ लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाबा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.’ मी मध्ये पडून विषय बदलला. तिच्याकडे उत्तर नव्हतं हे मला बरंच वाटलं होतं, ते मात्र बोलले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी शिकागोत होते. अशा नोकरीसाठी रुग्णालय नुसत्या डॉक्टरला नाही, सगळ्या कुटुंबाला गाव बघायला बोलावतं. वधूपरीक्षाच म्हणा, फक्त इथे कांदेपोहे दोन्ही बाजूंनी. जावयाचं म्हणणं, ‘आई, तुम्हीही चला. जायचं तर कडक थंडीतच बघू. उन्हाळ्यात कुठलंही गाव चांगलं दिसतं.’ एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडी शोभावं असं हे शहाणपण ऐकून मला त्याचं कौतुक वाटलं.

विमानानं न जाता आम्ही मुद्दाम ‘एम्पायर बिल्डर’ या गाडीनं गेलो. दुपारी शिकागो सोडलं. दुसऱ्या दिवशी रग्बी नावाच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. खाली पाऊल टाकलं आणि नाकातला ओलावा काचेसारखा टचकन गोठला. उणे २६! नातीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, रडायचंही विसरली. रग्बीत एक दगडी स्तंभ आहे, १९३१ मध्ये उभारलेला, उत्तर अमेरिका खंडाचा भौगोलिक मध्यबिंदू दाखवणारा. २०१७ मध्ये एका भूगोलाच्या प्राध्यापकांनी नव्यानं हिशेब करून तो मान त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावाला दिला. त्या गावाचं नाव आधीपासूनच ‘सेंटर’, हा योगायोग बघा! आयुष्यभर नकाशावर काठी फिरवलेल्या बाईला त्या खांबापाशी उभं राहून काय वाटलं हे सांगत बसले तर पुरवणी पुरायची नाही. शंभर अंश पश्चिम रेखांश त्या गावावरूनच जातो. अमेरिकेच्या मैदानाची ही आपल्या सह्याद्रीसारखी पर्जन्यरेषा : पूर्वेला बऱ्यापैकी पाऊस, पश्चिमेला अवर्षण. तिथला वर्षाचा पाऊस जवळजवळ आमच्या माणएवढा. तरी गहू पिकतो, कारण उन्हाची काहिली कमी, बाष्प कमी उडतं आणि बर्फ वितळून जमिनीत मुरतं. एप्रिल-मेमध्ये पेरायचं, ऑगस्टमध्ये कापायचं. वर्गात हे मी किती वेळा सांगितलं असेल. तिथे मात्र सगळं पांढरं होतं, आणि त्यात उभे धान्याचे उंच कोठे. नुसतं आभाळ आणि कोठे.

आम्हाला जायचं होतं ते गाव तिथून तासाभरावर. त्याचं नाव देत नाही, लेक अजून तिथे राहते. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, दर मैलाला चौक. याचं कारण १८६२ चा होमस्टेड कायदा आणि त्याआधीची जमीनमोजणी. सरकारनं मैदानाचे मैल बाय मैलाचे चौकोन पाडले आणि चौकोनाचा पाव भाग, म्हणजे १६० एकर, मागेल त्याला देऊ केला. अट एकच, तिथे घर बांधा, जमीन कसा आणि पाच वर्षं राहा. एकट्या बाईलाही अर्ज करता येत होता, आणि अनेकींनी केला. नॉर्वेजियन आले, रशियात स्थायिक झालेले जर्मन आले. सीरिया-लेबनॉनकडचे मुसलमान शेतकरीही आले. रॉस नावाच्या गावाजवळ त्यांनी १९२९ मध्ये मशीद बांधली, ती अमेरिकेतल्या अगदी पहिल्या मशिदींपैकी एक. जमीन ‘फुकट’ होती हे म्हणायला. ती होती डकोटा, मंडन, हिदात्सा, ओजिब्वे या लोकांची. त्यांना कुणी पाच वर्षांची अट घातली नाही, सरळ हटवलं.

‘नांगरामागून पाऊस येतो’ अशी त्या काळी जाहिरात होती. पाऊस काही आला नाही. १८८८ च्या जानेवारीत शाळा सुटायच्या वेळी असं हिमवादळ आलं की दोनशेवर माणसं गेली, त्यांत शाळेची पोरं कितीतरी. शिक्षिकेच्या मनातून ही गोष्ट जात नाही. १९३६ हे एकच साल घ्या. फेब्रुवारीत पार्शल या गावी उणे ५१ आणि जुलैत स्टील या गावी ४९ अंश सेल्सिअस! त्या राज्याचे थंडीचे आणि उष्म्याचे दोन्ही विक्रम सहा महिन्यांच्या आत झालेले. लोक निघून जायला लागले ते तेव्हापासून. १९३० मध्ये राज्याची लोकसंख्या ६ लाख ८० हजार होती, २०१० मध्ये ती ६ लाख ७२ हजार. ऐंशी वर्षांत जगाची लोकसंख्या कुठल्या कुठे गेली, हे राज्य होतं तिथेच! पुढे खनिज तेलामुळे आकडा वाढला, २०२० मध्ये ७ लाख ७९ हजार झाला, पण ती वाढ तेलाच्या आणि मोठ्या गावांची. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा प्रदेश, आणि माणसं एवढीच. १९८७ मध्ये फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक जोडप्यानं लिहिलं, की या मैदानाचे ओस पडत चाललेले भाग पुन्हा गवताला आणि रानगव्यांना देऊन टाकावेत. गावकरी अर्थातच खवळले. आपलं गाव गव्यांना द्या असं कुणी म्हटलं तर आपणही खवळू.

तर अशा गावातलं हे रुग्णालय. २५ खाटांच्या आतलं. या आकाराच्या ग्रामीण रुग्णालयांना सरकारकडून वेगळ्या हिशेबानं पैसे मिळतात म्हणून ती तगून आहेत. तिथले जुने डॉक्टर सत्तरीचे. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, ‘रात्री तू एकटी असशील. हृदयविकाराचा रुग्ण आला, तर त्याला सावरायचं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. ते शंभर मैलांवर. वादळ असेल तर हेलिकॉप्टर उडत नाही, मग सकाळपर्यंत तू आणि तो.’ शिकागोत जिच्या हाकेला दहा तज्ज्ञ धावत होते, ती लेक नुसती मान हलवत होती. मी काचेतून तिचा चेहरा बघितला. दहावीच्या निकालाआधी होता तसा.

दुपारी गावातल्या बायकांनी चर्चच्या तळघरात जेवण ठेवलं होतं. हॉटडिश नावाचा बटाट्याचा भाजलेला प्रकार होता, आमच्यासाठी मुद्दाम बिनमांसाचा केलेला. आणि लेफ्सा! उकडलेल्या बटाट्याच्या पिठाची पातळ पोळी, नॉर्वेची. लाटणं खाचांचं, तवा हातभर रुंद. मी म्हटलं, बघू इकडे. दोन लाटल्या. पहिली फाटली, दुसरी गोल झाली तशा टाळ्या पडल्या. ऐंशीच्या घरातली एक आजी माझ्या शेजारी बसून साखर भुरभुरत होती. तिनं मला विचारलं, ‘तुमची मुलगी किती दिवस राहील?’

मी म्हटलं, ‘करार तीन वर्षांचा आहे.’

‘हो, तो तसाच असतो,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. पंधरा वर्षांत तिचे चार डॉक्टर झाले होते. एक पाकिस्तानचा, एक फिलिपिन्सची, एक नायजेरियाचा, आणि मधे एक अमेरिकन, तो तर वर्षही टिकला नाही. ‘सगळे चांगले होते हो. पण दर वेळी मला माझ्या गुडघ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.’

तोवर मी सगळा विचार आमच्या बाजूनं करत होते. लेकीला झेपेल का, नातीचं काय होईल, डाळ-तांदूळ कुठे मिळेल. गावालाही आपल्याकडे बघून काही वाटत असेल, हे तिथे पहिल्यांदा डोक्यात आलं.

डाळीवरून आठवलं. नाश्त्याच्या दुकानात एका शेतकऱ्यानं मला गाठलं. भारतातून आलोय कळताच म्हणाला, ‘तुमच्या सरकारनं आमच्या वाटाण्याचं वाटोळं केलं!’ शब्द वेगळे, अर्थ हाच. नॉर्थ डकोटा आणि मोंटाना ही अमेरिकेतली वाटाण्या-मसुरीची मोठी राज्यं. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतानं आयात वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं आणि इकडचे भाव पडले. मी निवृत्त शिक्षिका, शुल्क मी लावलं नव्हतं. पण आमच्याकडचा हरभऱ्याचा शेतकरीही भावासाठी रडत होता, हे त्याला सांगितलं. त्यावर त्यानं माझ्या कॉफीचे पैसे दिले. (पुढे डिसेंबर २०२३ मध्ये ते शुल्क उठलं, तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली.) गंमत म्हणजे चहूकडे डाळी पिकतात त्या गावात तूरडाळ मिळत नाही. ती आणायला चार तास गाडी हाकत फार्गोला जायचं.

परतीच्या गाडीत नात झोपल्यावर खरं बोलणं झालं. सगळ्यात अवघड प्रश्न जावयाचा होता, आणि तो थंडीचा नव्हता. लेकीच्या जे-वनवर तो सोबतचा माणूस म्हणून काम करू शकत होता. ती कराराच्या एच-वनबीवर गेली की तो होणार एच-फोर, म्हणजे घरी बसणार. ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झाला तरच पुन्हा परवानगी. आपल्याकडे बायका नवऱ्याच्या बदलीमागे नोकऱ्या सोडतात, त्याची कुणी कौटुंबिक बैठक बोलावत नाही. मीही १९८९ मध्ये वर्षभर सोडली होती. पण जावयाच्या बाबतीत हे ऐकताना माझाच जीव खालीवर झाला, हे कबूल करते. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘दोन वर्षं भारतात जाऊ, नाही तर तीन वर्षं इथे. भारतात मला नोकरी आहे, हिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इथे हिला नोकरी आहे, मला नाही. आई, तुम्हाला काय वाटतं?’

मला काय वाटत होतं ते दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेलं होतं. एक शब्द बोलले असते तर कदाचित पारडं झुकलंही असतं. मी म्हटलं, ‘त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारा, वादळात रात्रभर रुग्णापाशी बसायला नर्स किती असतात.’ लेकीनं माझ्याकडे बघितलं. ती मला ओळखून आहे. मी काय गिळलं हे तिला कळलं असावं.

जुलै २०२४ मध्ये ते तिथे गेले. घर मोठं आणि शिकागोच्या मानानं अगदी स्वस्त. गाडीच्या इंजिनाला रात्री विजेची वायर लावून ठेवायची, नाही तर सकाळी ती उठत नाही; आपल्या म्हशीला रात्री दावं बांधावं तसं ते रोजचं काम. गाडीत कायम फावडं, ब्लँकेट, मेणबत्त्या. नातीच्या वर्गात नऊ मुलं. जावई गावच्या वाचनालयात बिनपगारी बसतो, मुलांना बुद्धिबळ शिकवतो. पहिल्या हिवाळ्यात तो फोनवर फार कमी बोलायचा, ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. लेकीचे तीन महिने रोज सकाळी पोटात गोळा यायचा. मग एका जानेवारीच्या रात्री वाहतूक बंद असताना एक रुग्ण तिनं सकाळपर्यंत धरून ठेवला. तो वाचला. दुसऱ्याच आठवड्यात दुसरा गेला, आणि चार दिवसांनी किराणा दुकानात त्याची बायको तिच्यासमोर उभी! शिकागोत असं होत नाही. तिथे रुग्ण पुन्हा भेटत नाहीत.

जुलै २०२७ मध्ये बोली संपेल. त्यानंतर शहरात जाता येईल. आणखी दोन, म्हणजे एकूण पाच वर्षं अशाच भागात काढली तर डॉक्टरांना ग्रीन कार्डाच्या अर्जात एक वेगळी सवलत आहे, रांग भारतीयांसाठी लांबच राहते ते सोडा. पाच वर्षं हा आकडा ऐकून मला तो १६० एकरांचा कायदा आठवला. काय करणार असं विचारलं की लेक म्हणते, ‘बघू.’ त्या आजींनी तिला खाचांचं लाटणं आणून दिलंय. त्याबद्दलही ती फार बोलत नाही.

गेल्या महिन्यात जत्रेला आम्ही माणला गेलो होतो. आरोग्य केंद्रात या खेपेला डॉक्टर होती. पंचविशीची मुलगी, लातूरकडची. सरकारी महाविद्यालयात एमबीबीएस झालेल्यांना वर्षभर सेवेचा बाँड असतो, नाही तर दहा लाख भरा. त्या बाँडवर आलेली. टेबलाच्या काचेखाली दिनदर्शिकेचं पान होतं, त्यावर रोजच्या फुल्या. मी बघते आहे हे पाहून तिनं त्यावर वही सरकवली.

‘काय होतंय, आजी?’ तिनं विचारलं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्याचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तिनं मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

बाहेर हे वाट बघत उभे होते. ‘काय म्हणाली?’

‘वजन कमी करा म्हणाली.’

‘चांगली डॉक्टर आहे,’ हे म्हणाले.